गुलाबी पडलेली लाल गाडी

हे लिहिण्याबद्दल आधीच माफी मागतो. मी केमिस्ट्रीचा विद्यार्थी आहे, तिसऱ्या वर्षाचा, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मराठी मंडळाच्या मॅडमनी वार्षिकांकासाठी एखाद्या ऋतूची आठवण लिहून आणायला सांगितली, तेव्हा बाकीच्यांनी तिथल्या तिथे विषय सांगून टाकले. कोणाचा मामाच्या वाडीतला आंबा, कोणाचा अंगणातला पारिजातक. आम्हाला अंगण नव्हतं आणि माझ्या मामाचं गाव म्हणजे भांडुप. मी वही मिटून ठेवली. मॅडम म्हणाल्या, "तुला काहीतरी आठवत असेलच की रे." आठवत होतं, पण ते एका मोटारसायकलच्या प्लास्टिकबद्दल होतं, आणि त्याला ऋतू म्हणावं का, हे मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही. चुकलं तर सोडून द्या.

गणपती गेले की डोंबिवलीत पाऊस एकदम थांबत नाही. येतो, पण मन नसल्यासारखा येतो. दुपारचं ऊन असं चावतं की खड्ड्यांतला चिखल कडेकडेने वाळायला लागतो आणि त्याला भेगा पडतात. संध्याकाळी एमआयडीसीकडून तो ओळखीचा वास खाली उतरतो, नासलेल्या अंड्यासारखा, वर काहीतरी गोडसर. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आम्हीच तो सोडल्यासारखी आम्हाला लाज वाटते. मग एका सकाळी पुलाखाली झेंडूची पोती उघडतात. यंदाही उघडली. मी त्यांच्या शेजारून चाललो होतो, आणि झेंडूच्या वासासोबत मला रॉकेलचा आणि तापवलेल्या प्लास्टिकचा वास आला. तिथे रॉकेल नव्हतं, प्लास्टिकही कोणी तापवत नव्हतं. तो वास माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या आश्विनातला आहे. मी त्यातलं बरंच काही विसरलो, वास तेवढा राहिला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दिनेश. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि पुढे टेम्पो चालवायला लागला. टेम्पो रोहनचा. रोहनचं घराणं शीळ रोडकडच्या एका गावातलं, तिथलं जुनं शेतकरी. जिथे त्यांचं भात पिकायचं तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरना लागणारी रेती, विटा, सिमेंट रोहनच पुरवतो. तो दादाच्याच वयाचा. सगळे ड्रायव्हर त्याला रोहनशेठ म्हणायचे, दादा एकटा असला की नुसतं रोहन म्हणायचा. रोहनला एकच वेड होतं, डर्ट बाइक. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही चिखलातून, टेकाडांवरून उड्या मारत पळवायची गाडी. उंच, हडकुळी. दिवा नाही, नंबरप्लेट नाही, आरसा नाही. इंजिन सोडलं तर अंगावर सगळं रंगीत प्लास्टिकच. पुढचं मागचं मडगार्ड, टाकीच्या दोन बाजूंचे पंखे, सीटखालची पॅनेलं. चालवणारे तिला गाडी म्हणत नाहीत, मशीन म्हणतात.

गावामागच्या माळावर रोहन आणि त्याचे मित्र रविवारी मशीन उडवायचे. दादा पाण्याचे ड्रम घेऊन जायचा, आणि मशीन गरम करायच्या निमित्ताने एखादी फेरी मारायचा. मी ती फेरी पाहिली आहे. दादा घरात वाकून चालतो, बोलताना खाली बघतो. त्या मशीनवर तो उभा राहिला की त्याची पाठ सरळ व्हायची. टेकाडावरून सुटला की क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटायचा, आणि खाली उतरताना मागचं चाक आधी, अगदी हलकं. रोहनच्या एका मित्राने एकदा म्हटलेलं, "शेठ, हा तुझ्यापेक्षा भारी बसतो रे." रोहन हसला होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मधेच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन जाईल.

रोहनने नवी मशीन घेतल्यापासून जुनी लाल मशीन पत्र्याच्या शेडमागे पडून होती. तिच्यावर पाऊस आला, ऊन आलं, पुन्हा पाऊस आला. अनंत चतुर्दशी झाल्यावर एका सकाळी रोहनने ती बाहेर ओढली आणि दादाला म्हणाला, "दिनेश, हिला पहिल्यासारखी करून दाखव. मग दसऱ्यानंतरच्या रेसला हिच्यावर तूच बस."

दादाने हे घरी येऊन मला सांगितलं ते जिन्यात. घरात नाही, कारण घरात पप्पा होते.

"खरंच म्हणाला?"

"सगळ्यांसमोर म्हणाला. डंपरवाला पम्या होता, जेसीबीवाला होता."

"मग कर की."

"एकट्याने नाय होणार. रविवारी येशील? तुझी ती परीक्षा आहे पण."

मी म्हटलं, येईन. माझी पहिली सेमिस्टर जवळ आली होती. मी पुस्तक सोबत नेलं होतं आणि ते शेडमधल्या विटांवर ठेवून दिलं होतं. त्यावर विटांची लाल पूड बसली, अजून पानांच्या कडांना आहे.

मशीन पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा ती लाल होती यावर माझा विश्वास बसेना. चिखल वाळून दगड झाला होता. जिथे चिखल नव्हता तिथे रंग उडून फिकट गुलाबी झाला होता, लहान मुलीच्या जुन्या फ्रॉकसारखा. वाकलेल्या जागी पांढरे चट्टे. मी खिळा घेऊन चिखल खरवडायला बसलो तर दादाने माझा हात धरला. "असा नाय. सुका खरवडलास की खालचं प्लास्टिक पण ओरखडतं. आधी भिजव, मग तो आपणच सुटतो." आम्ही सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली, म्हणजे आत पाणी जाणार नाही. मग गोणपाटं ओली करून मशीनवर पांघरली आणि शेजारी बसून राहिलो. ताप आलेल्या माणसाच्या घड्या बदलाव्यात तशी दादा मधून मधून गोणपाटं भिजवत होता.

मग एकेक बोल्ट खोलून प्लास्टिक सुटं केलं. अंगावरचं सगळं उतरवल्यावर मशीन फार केविलवाणी दिसते. जुने स्टिकर काढायला शेजारच्या पार्लरवाल्या वहिनींचा हेअर ड्रायर आणला होता. वहिनींनी देताना विचारलं होतं, "कोणाचं लग्न आहे का रे?" दादा म्हणाला, "माझंच समजा." ड्रायरने गोंद मऊ झाला की स्टिकर सोलून यायचा, उरलेला गोंद आम्ही रॉकेलने पुसायचो, आणि त्याच्याखाली, मला अजून आठवतं, मूळचा लाल रंग होता. स्टिकरच्या आकाराचा, जसाच्या तसा. बाकी सगळं गुलाबी आणि मधे तो एक कोरा लाल तुकडा. दादा बराच वेळ त्याच्यावर अंगठा फिरवत राहिला. "अशी होती ही," तो म्हणाला.

मी कॉलेजात नुकतंच शिकलो होतो ते त्याला सांगितलं. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या असतात, उन्हाने वरवरच्या साखळ्या तुटतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. म्हणून ते पांढरं दिसतं. ह्या प्लास्टिकचा रंग वरून मारलेला नसतो, तो आतपर्यंत तोच असतो. दादा ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे वरची कातडी मेलीय एवढंच ना? मग काढू." मला तेव्हा फार बरं वाटलं. मी शिकत होतो ते घरातल्या कोणाच्या तरी उपयोगाला पहिल्यांदाच येत होतं.

मेलेली कातडी काढायची म्हणजे पॉलिश पेपर. आधी जाड, मग त्याहून बारीक, मग अगदी कागदासारखा मऊ, आणि प्रत्येक वेळी पाण्यात बुडवून. रविवारमागून रविवार आम्ही ते घासत होतो. लालसर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. बोटांच्या टोकांची साल जायची, मग टाचणी उचलता यायची नाही आणि प्रयोगशाळेत चाचणीनळी हातातून निसटायची. आणि गंमत अशी की घासताना ते आधीपेक्षा वाईट दिसतं. सगळं धुरकट होतं. आपण बिघडवलं असं वाटतं. दादा म्हणायचा, "थांब, आत्ता बोलू नको."

शेवटी गरम हवा. फ्लेक्सचे बोर्ड करणाऱ्याकडून दादाने हीट गन मागून आणली होती. ती एका जागी धरली तर प्लास्टिक पापडासारखं वाकडं होतं. सतत फिरवत राहावी लागते. दादाने ती मडगार्डच्या पांढऱ्या चट्ट्यावरून फिरवली, एकदा, दोनदा, आणि चट्टा आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. आतून रंग वर आल्यासारखा. मी आजपर्यंत प्रयोगशाळेत पुष्कळ रंगबदल पाहिले, थेंबाने गुलाबी होणारं द्रावण, निळा होणारा कागद. त्या मडगार्डसारखं काही पाहिलेलं नाही.

दुपारी रोहनची आई जेवायला बोलवायची. आम्ही तिला काकू म्हणायचो. मोठ्या नव्या बंगल्यात ती मागच्या पडवीतच बसलेली असायची, सुकटीचं डबडं घेऊन. "या रं बालांनो, जेवून घ्या आधी. त्या गारीला काय भूक लागत नाय." दादाने नंतर जेवतो म्हटलं की ती चिडायची. "नंतर नंतर करून वालून लाकूड झालास. बस गुमान." तिच्या हातचं कालवण फार तिखट असायचं आणि दादा डोळ्यांतून पाणी काढत दोनदा घ्यायचा. ती एकदा मडगार्डकडे बघून म्हणाली होती, "एवढा जीव लावतंस, बायको आनल्यावर काय करशील?"

घरी मात्र वेगळं होतं. पप्पा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात हेल्पर आहेत. कापडाला लागणारा रंग. कोणता रंग चालू आहे ते त्यांच्या नखांवरून कळतं. दादा संध्याकाळी लाल हात घेऊन आला की ते टीव्हीकडे बघत बोलायचे.

"झाली का शेठची गाडी धुऊन?"

"धूत नाय पप्पा, प्लास्टिक काढतोय."

"रविवारी पगार मिळतो त्याचा?"

"रेसला बसवणार आहे तो मला."

"बसवणार," पप्पा म्हणायचे. एवढा एकच शब्द. मग आवाज वाढवायचे, टीव्हीचा.

आई पोळ्या लाटत असायची. ती कोणाच्याच बाजूने बोलायची नाही, फक्त दादाच्या ताटात तूप जास्त पडायचं. रात्री अंथरुणं घातल्यावर दादा पाय भिंतीला लावून पडायचा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यासारखं करायचा. मी पुस्तकाआडून बघायचो. त्या रेसमध्ये काय मिळणार होतं? बक्षीस म्हणजे एक ढाल. नाव पुकारणार लाउडस्पीकरवर. दादाला एवढंच हवं होतं, लाउडस्पीकरवर "दिनेश" असं कोणीतरी म्हणावं. ते त्याने मला सांगितलं नव्हतं, पण त्याने एकदा मला विचारलं होतं, "आडनावासकट म्हणतात ना रे?"

इथे थोडं थांबून एक सांगतो. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, प्लास्टिकबद्दलच. पेपरने घासून चमक आणता येते हे खरं, पण दर वेळी वरचा थर जातो तो कायमचा जातो. पुन्हा ऊन, पुन्हा घासणं, पुन्हा चमक, आणि मडगार्ड प्रत्येक वेळी थोडं पातळ. एक दिवस साध्या दगडाने फुटतं. बघणाऱ्याला फक्त चमक दिसते. मी नौपाड्यातल्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये दुपारी फोन घ्यायला बसतो. तिथे मी "नमस्कार, बोला" म्हणतो आणि "नाही" म्हणतो, "नाय" नाही. डॉक्टर एकदा म्हणाल्या, "तू डोंबिवली ईस्टचा वाटत नाहीस अगदी." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. मी थँक्यू म्हणालो. घरी येईपर्यंत मला काहीतरी घासलं गेल्यासारखं वाटत राहिलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन जोडून झाली. दादाने शेवटचं मेण लावलं, मऊ बनियनने पुसलं, आणि सीटला मात्र काही लावलं नाही. सीट चकचकीत केली की उडी मारताना माणूस घसरतो, म्हणाला. म्हणजे तो बसायचाच विचार करत होता. मग उन्हाच्या तिरिपीत तिचे फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, आणि रोहनला पाठवले. रोहनचं उत्तर लगेच आलं, आगीचे तीन इमोजी आणि "भाई, शोरूम पीस." दादाने ते मला दाखवलं, पम्याला दाखवलं, घरी आईला दाखवलं. आईला शोरूम पीस कळलं नाही, पण ती म्हणाली, "छान झालीय."

रोहनच्या अंगणात खंडेनवमीला सगळी वाहनं ओळीने लागतात. डंपर, टेम्पो, जेसीबी, गाड्या. झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आणि तिथली एक पद्धत आहे, जी सगळे ड्रायव्हर पाळतात. नारळ मालक फोडत नाही. ज्याचा हात त्या वाहनावर चालतो तोच त्याच्यापुढे नारळ फोडतो. जेसीबीपुढे जेसीबीवाला, डंपरपुढे डंपरवाला. नव्या ड्रायव्हरच्या हातात नारळ दिला की समजायचं, ही गाडी आता वर्षभर याची. बोलून दाखवायची गरज नसते. एकदा एका ड्रायव्हरला नारळ मिळाला नाही, तर तो दुसऱ्या दिवशी आपणच कामावर आला नाही, असं पम्या सांगायचा.

दादाने आधी टेम्पोपुढे फोडला. मग ओळीच्या टोकाला लाल मशीन होती. काकू ताट घेऊन तिथपर्यंत आली, ओल्या बोटांनी मडगार्डवर कुंकू लावलं. दादाचा चेहरा मी पाहिला. ताज्या पॉलिशवर कुंकू! काकूने ताटातला नारळ उचलला आणि इकडेतिकडे पाहिलं. रोहन फोनवर होता, कंपाउंडजवळ. काकूने नारळ दादाच्या हातात दिला.

"तूच फोड रं. तुज्याच हातची हाय ना ती."

पम्याने शिट्टी मारली. "दिन्या, पार्टी लागली."

"पार्टी काय, ढाल आणल्यावर," जेसीबीवाला म्हणाला.

दादाने नारळ फोडला. एका घावात दोन सारखी भकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते बघणं मी कसं लिहावं मला कळत नाही. त्या दिवशी अंगणातल्या प्रत्येकाला तोच अर्थ कळला होता. चूक एकट्या दादाची नव्हती. फक्त काकूला तो अर्थ द्यायचा नव्हता. तिने घाम गाळणाऱ्याचा मान केला होता, बस. आणि रोहनने पाहिलंच नव्हतं.

दसऱ्याला दुपारी पिकअप आला. घोडबंदर रोडच्या कुठल्याशा टॉवरमधले एक गृहस्थ, बायको सोबत, ताटात पेढे. आयटीत काम करणारे, बोलायला अगदी सभ्य. त्यांनी फोटो पाहिले होते. दादाने काढलेले. त्यांना गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावरच घरी न्यायची होती, म्हणून रोहनने सौदा ठरवताना तसा शब्द दिला होता. त्या बाईंनी कुंकू लावलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे वा, पूजा झालेली आहे. किती छान."

रोहनने दादाला हाक मारली. "दिनेश, जरा चढवायला हात लाव. फडकं घाल मधे, दोरी घासायला नको."

फडकं दादाने आधीच घेतलं होतं. ते मला विसरता येत नाही. त्याला कळलं होतं, तरी त्याने दोरीखाली फडकं घातलं. मडगार्डला ओरखडा पडू नये म्हणून. गाठ मारली, ओढून पाहिली, आणि खाली उतरला.

पिकअप गेल्यावर रोहन म्हणाला, "चांगला भाव आला रे. तुझ्यामुळेच आला. असं गिऱ्हाईक परत मिळालं नसतं."

"रेस?" दादा म्हणाला.

"अरे, तुला दुसरी देऊ ना. ही काय शेवटची मशीन आहे? पुढच्या वर्षी बस की." आणि त्याने दादाच्या खांद्यावर हात टाकला. खरंच प्रेमाने टाकला. मग काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं असावं. आत जाऊन त्याने स्वतःचे रेसचे हातमोजे आणले, थोडे वापरलेले. "घे. तुझ्या मापाचे आहेत."

सोनं वाटायची वेळ झाली होती. दादाने रोहनला आपट्याचं पान दिलं, काकूच्या पाया पडला आणि आम्ही घरी आलो. रिक्षात त्याने हातमोजे मांडीवर ठेवले होते. सारखा बोटं सरळ करत होता त्यांची, एकेक.

घरी पप्पांना पम्याकडून आधीच कळलं होतं. जेवताना त्यांनी टीव्ही बंद केला, जे ते कधी करत नाहीत.

"मी आयुष्यभर कापडाचा रंग केला," ते म्हणाले. "त्यातल्या कापडाचा एक शर्ट आहे का या घरात? दाखव मला. पुसणारा पुसतो आणि बसणारा बसतो. तुला वाटलं, तुझ्यासाठी बदलेल?"

मला वाटतं त्यांना दादाला जवळ घ्यायचं होतं आणि त्यांना येत होतं ते एवढंच होतं. दादाने ताटातून मान वर केली. "तुम्हाला बरं वाटलं ना पप्पा?" तो म्हणाला. "तुमचं खरं झालं."

पप्पा उठले. हात धुताना बराच वेळ नळ चालू होता.

रेस झाली. दादा त्या सकाळी टेम्पोतून मातीची पोती घेऊन माळावर गेला, वळणांवर लावायची असतात ती. रिकामा टेम्पो घेऊन सुरू होण्याआधीच परत आला. दिवाळी झाली आणि तो चाकणला निघून गेला, एका गोदामात, माल चढवायच्या गाडीवर. जाताना भांडला नाही. आईला म्हणाला, तिकडे हवा चांगली आहे. आता कधीतरी रविवारी फोन येतो. जेवलीस का, पाऊस आहे का, अक्ष्याचा, म्हणजे माझा, अभ्यास कसाय. पप्पा घरात असले की आई फोन स्पीकरवर ठेवते. पप्पा ऐकतात आणि बोलत नाहीत. दादाला ते ऐकत आहेत हे माहीत असतं, कारण तो थोडं मोठ्याने बोलतो. मशीनचा विषय कोणी काढत नाही. मी एकदा विचारणार होतो, तिकडे कुठे चालवतोस का रे. आईने मानेने नको म्हटलं.

आमच्या घरी त्यानंतर खंडेनवमीला पूजा होते ती माझ्या पुस्तकांची. आई त्यांच्यावर झेंडू ठेवते. माझ्या पुस्तकांच्या कडांना विटांची पूड, वर झेंडू, आणि मी हात जोडतो. घरात आता चमकवायचा राहिलेला मीच. मला त्याची भीती वाटते, हे आईला सांगता येत नाही.

हे सगळं मी कदाचित लिहिलंही नसतं. पण गेल्या आठवड्यात क्लिनिकमध्ये रोहन आला. काकूला कवळी बसवायची होती. मी टेबलामागे होतो. गेली दोन वर्षं मी मनात त्याच्याशी पुष्कळ बोललो आहे, चांगली लांब वाक्यं तयार आहेत माझ्याकडे. प्रत्यक्षात मी म्हणालो, "नमस्कार, बसा. दहा मिनिटं लागतील."

त्याने मला ओळखलं नाही. काकूने ओळखलं. पदर तोंडावर धरून, दात नसल्याने शब्द सुटत होते तरी, म्हणाली, "दिनेशचा भाव ना रं तू? केवरा उंच झालास. दिनेश कवा येनार?"

"दिवाळीला बहुतेक," मी म्हणालो. गेल्या दिवाळीला तो आला नव्हता.

"अरे हो, अक्षय ना," रोहन म्हणाला. खुर्ची ओढून अगदी टेबलाजवळ बसला. जाडा झाला होता, मनगटात नवं घड्याळ. "काय मग, भावाने नाव काढलं की."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रेसला बसला ना तो. तुला माहीत असेलच."

मी नाही म्हणालो की नाय म्हणालो, आता आठवत नाही.

"काय सांगतोस? घरी बोलला नाय?" तो काकूकडे वळला, मग पुन्हा माझ्याकडे. "गेल्या महिन्यात. साताऱ्याकडे कुठेतरी, गावातलीच रेस. मैदानातूनच फोन केलेला मला. मागे स्पीकर चालू, काय ऐकायला येत नव्हतं. रोहन, झाली, एवढंच दोनदा म्हणाला. बाकीचं रात्री परत फोन करून सांगितलं."

त्याने रोहनला फोन केला होता. आईला नाही, मला नाही. मी रजिस्टरचं पान उगाच सरळ केलं.

"कितवा आला?"

"शेवटून दुसरा." रोहन हसला, पण वाईट नाही हसला. "पण पुरी केली. पडला नाय कुठे. भाड्याची मशीन होती रे, पार भंगार, रंग कुठला होता ते पण कळत नव्हतं म्हणाला."

आतून डॉक्टरांनी काकूला हाक मारली. रोहनने तिला हाताला धरून उठवलं, दारापर्यंत नेलं आणि तिथूनच मागे वळून म्हणाला, "मी बोललो त्याला, दिन्या, एवढा तुझा हात, बसायच्या आधी जरा चमकवून तरी घ्यायचीस. तर म्हणतो कसा, मी फडकं पण नाय लावलं. कोणाचातरी जुना चिखल होता तिच्यावर, तसाच बसलो."